मान वाकवली की येणारी वीज

कित्येक महिने मला वाटत होतं की औंढ्याचा नागनाथ मला हात लावतो. आज हे लिहितानाही ओशाळल्यासारखं होतं, पण तेव्हा ते मला अगदी खरं वाटायचं आणि तितकीच त्याची भीतीही वाटायची. देवाचा हात लागल्यावर माणसाला शांत वाटायला हवं ना? मला तसं वाटत नव्हतं. मंदिरातून घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी मान जराही खाली घालत नसे. देवाच्या स्पर्शाला कुणी असं घाबरतं का, हे मी स्वतःलाच विचारत राहायची. दुसऱ्या कुणाला विचारायची हिंमत नव्हती.

आमचं गाव शिरड शहापूर. यजमानांचं गावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, घरची हळदीची शेती आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. लग्न होऊन आले तेव्हापासून सोमवारी औंढ्याला जायचं, हा माझा नेम. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात मी टाळ वाजवते. आवाज बरा नाही म्हणून टाळ, हे सासूबाई कुणालाही आपणहून सांगतात. म्हणजे मी काही मोठी भक्त वगैरे नव्हते. नेम होता म्हणून जात होते, गाभाऱ्यातून बाहेर आलं की आवारात बसून बायकांशी गप्पा मारत होते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आत घरी येत होते.

औंढ्याचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. अरुंद पायऱ्या अंग चोरत उतराव्या लागतात आणि आत छत इतकं खाली आहे की वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. श्रावणातला सोमवार होता, गर्दी भरपूर होती. बेल वाहून मी डोकं टेकवायला मान खाली घातली, आणि मानेच्या मागून एक वीज निघाली ती पाठीच्या कण्यातून थेट टाचांपर्यंत गेली. शेतातल्या मोटारीच्या पेटीला ओला हात लागला की बसतो ना, तसा झटका. दुखलं असं म्हणता येणार नाही, पण तोंडातून ‘आई गं’ निघालं आणि सगळं अंग हललं. मान वर केली, संपलं. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. माझ्या मागे आमच्या मंडळाच्या सुमनकाकू होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि वर आल्यावर माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “बाई, तुला नागनाथानं धरलं गं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं.”

गावात पोचायच्या आत गोष्ट गावात पोचली होती. पुढच्या भजनाला मला मधोमध बसवलं. एक-दोघींनी पाया पडून घेतलं. मी नको नको म्हणत होते, पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ज्या बाईला सासूच्या हाताखाली इतकी वर्षं पुरण नीट घोटता येत नाही असं ऐकून घ्यावं लागलं, तिच्या पायांवर कुणी डोकं ठेवलं तर कुणाला आवडणार नाही? सासूबाईसुद्धा त्या काळात माझ्या पुरणाबद्दल काही बोलल्या नाहीत. मी प्रत्येक सोमवारी गाभाऱ्यात उतरायची, मान वाकवायची आणि वीज येते का याची वाट पाहायची. ती यायचीच. एकदाही चुकली नाही, आणि खरं तर याच गोष्टीनं मला आधी शंका यायला हवी होती. माझ्या आयुष्यात देवानं माझं इतक्या बिनचूकपणे कधी ऐकलं नव्हतं.

हळूहळू बाकीच्या गोष्टी सुरू झाल्या. उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि मला ते दोन पावलं पुढं गेल्यावर कळायचं. पायऱ्या चढताना तो पाय मागं राहायचा. टाळ वाजवताना उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. अंघोळीचं पाणी उजव्या पायावर कडक लागायचं आणि डाव्या पायावर कोमट. एकाच तांब्यातलं पाणी! मी प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण शोधून ठेवलं. पाय जड होतो तो उपासानं, मुंग्या येतात त्या थंडीनं, चप्पल जुनी झाली. घरी झाडताना मान वाकली की वीज यायची, तेव्हा म्हणायची, मी मनात नाव घेत होते म्हणून आली. पण रोज सकाळी जाग आली की आधी अंथरुणातच पायांची बोटं हलवून बघायची. देवाचं नाव त्यानंतर. ज्याला देवावर पुरता भरवसा असतो तो असं करत नाही, एवढं मला तेव्हाही समजत होतं.

दिवाळी होऊन गेली. नंतरच्या एका सोमवारी मी औंढ्याला जाणारच नव्हते, कारण पाय ओढत होता. सुमनकाकूंना बरं नव्हतं, त्यामुळे मंडळातलं कुणीच येणार नव्हतं. तरी नेम मोडायला नको म्हणून एकटीच गेले. गाभाऱ्याच्या पायऱ्यांजवळ एक बाई खाली बसली होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. पंजाबी ड्रेस, शेजारी काठी, हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा आणि चेहऱ्यावर सगळ्या जगावर वैतागल्यासारखा भाव. मी उतरायला लागले तशी तिनं मला हाक मारली. “ताई, खाली चालल्या का? एवढं माह्यं बेलाचं पान वाहा नागनाथाले. माह्यानं त्या पायऱ्या होत नाहीत.” बोलण्यावरून वाशीमकडची वाटली. मी पान घेतलं, खाली उतरले, तिचं पान वाहिलं, माझं वाहिलं, डोकं टेकवलं. वीज आली, नेहमीपेक्षा जोरात. वर आले तेव्हा माझा एक हात मानेवर होता आणि दुसऱ्यानं मी भिंत धरली होती.

तिनं चिक्की खाणं थांबवलं. “मान वाकवली का करंट लागते ना? पाठीतून थेट पायापर्यंत?” मी चकित झाले. हे तर आमच्या गावाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मग जरा ताठ होऊन म्हणाले, “नागनाथाची कृपा आहे ती.” ती हसली नाही. माझ्या उजव्या पायाकडे पाहत म्हणाली, “मले बी लागे. मोरीत भांडे घासतानी लागे. मोरीत कोणता देव असते, ताई?” मी भिंत आणखी घट्ट धरली. ती म्हणाली, “असं करा, देवाकडं पाठ करा, नाव घेऊ नका आन् हनुवटी छातीले लावा.” मंदिरात देवाकडं पाठ करायची? पण तिच्या बोलण्यात असं काही होतं की मी केली. हनुवटी छातीला लावली. वीज निघाली आणि टाचेपर्यंत गेली, जशी गाभाऱ्यात जाते अगदी तशीच.

“माहा पाय ओढत होता म्हणून समद्यायनं कमरेचाच एमआरआय काढला,” ती सांगत राहिली. “कमर साफ निघाली. मंग मी घरी बसली. दुखणं होतं मानेत. तुमी मानेचा काढा. डॉक्टर कमरेचा म्हणतीन, तरी मानेचा काढा म्हणा. बसून राहू नका माह्यासारख्या.” तेवढ्यात तिचा भाऊ गाडी आली म्हणून तिला न्यायला आला. त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं, तेव्हा तिचे दोन्ही पाय जमिनीवर घासत होते. मी तिचं नावही विचारलं नाही. विचारायच्या मनःस्थितीत नव्हते. मला तिचा भयंकर राग आला होता.

तो राग बरेच दिवस टिकला. बाई आली कोण, माझ्या देवाला मोरीत बसवून गेली! घरी मी चोरून करून बघायला लागले. नाव घेत वाकले, वीज. नाव न घेता वाकले, वीज. देवघरासमोर, न्हाणीत, शिडीखाली, सगळीकडे वीज. मग मी मनाशी म्हणाले, देव काय फक्त गाभाऱ्यात असतो? तो सगळीकडे आहे, म्हणून सगळीकडे हात लावतो. आपलंच म्हणणं खरं ठरवायला माणूस किती हुशार होतो! पण आतून मी हादरले होते. डोळ्यांपुढून ते घासत जाणारे पाय हलत नव्हते. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हा आजार आहे असं मान्य करायचं, आणि आजार असेल तर मग माझ्याकडे उरलं काय? देवानं मला हात लावलाच नव्हता, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पाय गेले तर गेले, असं मनात यायचं. दुसऱ्याच क्षणी मुलगी दप्तर टाकून समोर यायची आणि मी पायांची बोटं हलवून बघायची.

संक्रांतीनंतर छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. कुणीतरी ओला पंचा पिळून बरगड्यांभोवती करकचून बांधलाय आणि दिवसभर सोडत नाही. सासूबाई म्हणाल्या, “गॅस हाय. ओवा खा.” मी ओवा खाल्ला, हिंग लावला, सोडा घेतला. घरात ओव्याचा डबा रिकामा झाला, पट्टा तसाच राहिला.

मग हळद शिजवायचे दिवस आले. आमच्याकडे आता वाफेचं यंत्र शेतातच येतं. ड्रममध्ये हळद भरायची, वाफ सोडायची, शिजली की ड्रम पालथा करून वाळायला पसरायची. ड्रम पालथा होतो तेव्हा आधी उकळतं पाणी वाहतं, म्हणून सगळे बाजूला होतात. त्या दिवशी मी बायकांबरोबर हळद पसरवत होते. वाफेजवळ उभं राहून उजवा पाय इतका जड झाला होता की मी ढिगाला टेकून उभी होते. ड्रम पालथा केला. यजमानांचा ओरडण्याचा आवाज आला, “अगं पाय काढ! पाय काढ तुझा!” मी खाली पाहिलं. डाव्या पायावरून पिवळं उकळतं पाणी वाहत होतं आणि पायातून वाफ निघत होती. मला काहीच लागत नव्हतं. तो पाय माझा नसून दुसऱ्या कुणाचा तरी आहे, असं मी त्याच्याकडे पाहत उभी होते.

त्यांनी मला उचलून बांधावर नेलं, पायावर गार पाणी ओतलं. तोवर कातडी फुगून आली होती. “कळंना का तुला? एवढं भाजलं, कळंना?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. वीज कुठंही येते ते, चप्पल, टाळ, अंघोळीचं पाणी, औंढ्यातली बाई, मोरी, सगळं. “काहून सांगितलं न्हाई इतके दिवस?” ते म्हणाले. मी म्हणाले, “मला वाटलं देव हाय.” आता हे हसतील किंवा चिडतील, असं मला वाटलं. हे माझ्या पायावर पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, “देव असंल तर दवाखान्यात बी येईल. चल.”

हिंगोलीच्या डॉक्टरांनी भाजल्यावर मलम बांधलं, हातोडीनं गुडघे ठोकून बघितले, टाचण्या टोचल्या. पाय ओढतो म्हणून ते कमरेचा एमआरआय लिहायला लागले. माझ्या कानात त्या बाईचा आवाज आला. मी म्हणाले, “डॉक्टर, मानेचा काढायचा.” त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, का? मी त्यांच्यासमोर हनुवटी छातीला लावली आणि वीज कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. “हे आधी सांगायचं ना, ताई,” म्हणाले, लिहिलेलं खोडलं आणि नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

नांदेडला एमआरआयच्या यंत्रात घालताना त्यांनी माझं डोकं चौकटीत बसवलं आणि बजावलं, मान अजिबात हलवायची नाही. हात अंगाशी बांधल्यासारखे. आयुष्यात पहिल्यांदा मला देवाला हाक मारायची होती आणि ना हात जोडता येत होते ना मान लववता येत होती. आत धडाधड आवाज सुरू झाले. मी इतकी घाबरले होते की काय मागावं तेच कळेना. आधी म्हणाले, देवा, हा तूच असू दे. मग वाटलं, हे कसलं मागणं? मग म्हणाले, काहीही असू दे, पण मला चालू दे, लेकीच्या मागं धावू दे. मग त्यावरही सौदा केल्यासारखं वाटायला लागलं. आवाज थांबेनात. शेवटी माझ्याकडे शब्दच उरले नाहीत. तुझ्या हातात आहे, एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. भीती गेली नाही. पण तिच्याशी माझं भांडण थांबलं.

डॉक्टरांनी फोटोत मानेतल्या मज्जारज्जूवर एक पांढरा ठिपका दाखवला, मेंदूत आणखी काही. पाठीतलं पाणी काढून तपासलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवर रबर असतं तसं आपल्या नसांवर आवरण असतं आणि ते आपलंच शरीर खात सुटतं, असं त्यांनी समजावलं. मान वाकवली की तो भाग ताणला जातो आणि वीज गेल्यासारखं वाटतं. पट्टा आवळल्याचं, उजवा पाय जड झाल्याचं, डाव्याला चटका न कळल्याचं मूळ त्याच ठिपक्यात होतं. “कमरेचा फोटो काढला असता तर तो चांगला आला असता आणि तुम्ही निवांत घरी गेला असता,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं मानेचं?” मी म्हणाले, मंदिरात एका बाईनं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं लिहायला घेतलं.

सलाईनमधून औषध सुरू झालं. तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव, डोळ्याला डोळा लागेना. पण आठवडाभरात पट्टा सैल झाला, पुढं पायातली चप्पल पायात राहायला लागली. आता कायमची औषधं आहेत. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. लवकर आलात, एवढं मात्र ते दर खेपेला म्हणतात.

घरी आल्यावर अवघड काम राहिलं होतं ते भजनी मंडळाचं. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की तो नागनाथ नव्हता, नसांचा आजार होता, आणि कुणाला अशी वीज जाणवली तर पाया पडून घेऊ नका, डॉक्टरकडे जा. सुमनकाकू म्हणाल्या, “मंग आमी तुझ्या पाया पडलो, त्याचं काय?” मी म्हणाले, “ते माघारी घ्या.” सगळ्या हसल्या, काकू सोडून. पण उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या त्याच. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी पुन्हा माझ्या पुरणाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मला बरं वाटलं.

त्या वाशीमच्या बाईला मी खूप शोधलं. आवारातल्या बेलवाल्यांना विचारलं, कुणाला आठवेना. ती कोण होती यावर मंडळात बोलणी होतात. मी त्यात पडत नाही. चिक्की खाणारी, पाय घासत चालणारी, वैतागलेली बाई होती ती. स्वतःला खाली उतरता येत नव्हतं, म्हणून तिनं माझ्या हातात पान दिलं आणि मी वर येईपर्यंत तिथं बसून राहिली. एवढं मला पुरेसं आहे. ती बरी असावी, असं मी रोज म्हणते. सकाळी अजूनही आधी पायांची बोटं हलवून बघते, त्याची आता लाज वाटत नाही. उद्या वीज परत आली तर मी आधी नांदेडला जाईन, नंतर औंढ्याला, आणि नागनाथ रागावणार नाही याची मला खात्री आहे.

बऱ्याच महिन्यांनी, पाय पायऱ्या उतरण्याइतका सावरल्यावर, मी गाभाऱ्यात गेले. यजमान पुढं, मी त्यांचा खांदा धरून. बेल वाहिला आणि मान खाली घातली. काही झालं नाही. मी श्वास रोखून थांबले. काहीच नाही. कपाळ दगडाला लागलं आणि मला दगडाचा गारवा कळला, ओला, खोल गारवा. इतके सोमवार मी तिथं डोकं टेकवलं होतं, पण विजेची वाट बघत, म्हणजे माझ्याच अंगाकडे लक्ष ठेवून. त्या दगडाकडे माझं लक्षच नव्हतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग, खरं सांगते, क्षणभर पोरकंही वाटलं. आणि मग दोन्ही सरलं. मला काही मागायचं नव्हतं, काही मिळायचं राहिलं नव्हतं, आणि तरी डोकं उचलावंसं वाटेना. माझे खांदे हलताना बघून मागच्या बाईनं पाठीवर हात ठेवला. “काय झालं, बाई?” तिनं विचारलं.

“काहीच न्हाई झालं,” मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.